पूरा खर्चा हमारा!

मुलींचे मोबाइल नंबर परक्या माणसांना द्यायचे नाहीत, असा एक नियम मी घरात केला आहे. माझा म्हणून घरात असलेला नियम तेवढा एकच. (बाकीचे माझ्या बायकोचे, रत्नमालाचे आहेत आणि ते पाळले जातात.) त्यामुळं थोरल्या ज्ञानेश्वरीचा लग्नाचा बायोडाटा समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला तेव्हा त्याखाली 'संपर्क' म्हणून माझा नंबर होता, आणि धाकट्या श्रेयानं विद्यापीठाचा अर्ज भरला तेव्हा त्यातही माझाच नंबर होता. दोन मुली, एक बाप, एक नंबर. यात काही बिघडेल असं तेव्हा कुणाच्या मनात आलं असतं?

मी वैजापूरच्या तहसील कचेरीत कंत्राटी कारकून आहे. उत्पन्नाच्या दाखल्यांचं टेबल माझ्याकडं असतं. रोज सकाळी संभाजीनगरहून एसटीनं जायचं, दिवसभर लोकांच्या गरिबीचे कागद तपासायचे आणि संध्याकाळी सिडकोतल्या आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांत परत यायचं. स्वतःची गरिबी तपासायला वेळ होत नाही.

श्रेया बारावीला होती. एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, मला गवत शिकायचंय."

"काय?"

"गवताळ रानांचं शास्त्र. माळरानं, चराई, सगळं."

"अगं, तुझे आजोबा जन्मभर मेंढरांमागं गवतातच हिंडले. त्यांच्याकडून कुणी फी घेतली नाही."

हा विनोद मला बरा वाटला होता. ती हसली नाही. म्हणाली, "आजोबांना जे माहीत होतं ते आता घरात कुणालाच माहीत नाही. म्हणूनच शिकायचंय." मी पेपर उघडला.

ते विद्यापीठ खासगी होतं आणि लांबच्या राज्यात होतं. फीचा आकडा तिनं मोबाइलवर दाखवला. मी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. आकडा तोच होता.

"पण फीमाफीच्या जागा आहेत," श्रेया म्हणाली. "लवकरच्या फेरीत अर्ज केला तर मिळण्याची शक्यता जास्त. बारावीच्या परीक्षेच्या आधीच. फक्त एक अट आहे. त्यांनी हो म्हटलं की आपणही हो म्हणायचं. बाकीकडचे अर्ज मागं घ्यायचे."

"आणि माफी किती मिळणार?"

"ते त्यांच्या होकाराबरोबर कळतं."

म्हणजे आधी सुपारी फोडायची आणि मग देण्याघेण्याचं बोलायचं! आमच्याकडं लग्नातसुद्धा असं करत नाहीत. "आणि ती माफी आपल्याला पुरली नाही तर?"

"तर ते आपल्याला सोडतात. पण तोवर दुसरीकडच्या माफीच्या जागा गेलेल्या असतात."

म्हणजे सगळा डाव एकाच ठिकाणी लावायचा होता. ज्यांच्याकडं पैसे आहेत त्यांनी लवकर हो म्हणावं, त्यांचं काय जातं? आमच्यासारख्यांनी चार ठिकाणी विचारून, चार ठिकाणी पदर पसरून, मग ठरवायचं असतं. मला भीती वाटली. पण पोरीच्या डोळ्यांत पाहून मी म्हणालो, "भर." तिनं अर्जासोबत आजोबांवर एक निबंध लिहिला होता. तो इंग्रजीत होता. मी तो वरपासून खालपर्यंत सरकवला आणि "छान आहे" म्हणालो. (लांबीवरून तो खरंच छान वाटत होता.)

मध्ये काही आठवडे गेले. मग एक दिवस वेरूळहून माझ्या चुलत भावाचा, खंडेरावचा फोन आला. खंडेराव माझ्याहून मोठा, आजही मेंढरं राखून आहे आणि आमच्या घराण्याची इज्जत राखायचं कामही त्यानं आपण होऊन अंगावर घेतलेलं आहे.

"आजिनाथ, ज्ञानूसाठी इंदूरचं स्थळ हाय. पोराच्या आत्याचा फोन येईल तुला. त्या लोकायचं बोलणं समदं हिंदीत असतंय. नीट बोल. आणि आपलं कमी सांगू नको बरं का. तुला कमी सांगायची लई खोड हाय."

दुसऱ्या दिवशी मी औरंगपुऱ्यात मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकायला गेलो होतो. गल्लीत रिक्षा अडकलेल्या, त्यात एक हातगाडी आडवी, आणि फोन वाजला. पलीकडून एक बाई काहीतरी म्हणाल्या. ते पहिलं वाक्य तेवढं एका रिक्षाच्या हॉर्नखाली गेलं. पुढचं स्पष्ट ऐकू आलं.

"आपकी बेटी की प्रोफाइल हम सबको बहुत पसंद आई."

"मेहरबानी मॅडम, तुमची मेहरबानी."

"फैमिली के बारे में कुछ बातें पूछनी थीं. खेती कितनी है?"

खंडेरावचा सल्ला कानात होता. "खेती ना? आपल्या बांधावर खडे रहो तो नजर जाती वहां तक." (हे खोटं नव्हतं. बांधासमोरच डोंगर आहे. नजर फार जात नाही.)

"अच्छा? और जानवर?"

"मेंढ्या मॅडम, गिनती नहीं." (हेही खोटं नव्हतं. एकही मेंढी नसल्यावर काय गिनती करणार?)

"घर अपना है?"

"हौ, बिल्कुल अपना."

"गाड़ी?"

"दरवाजे में खडी है." चाकं किती ते त्यांनी विचारलं नाही.

बाई जरा अडखळत म्हणाल्या, "तो लड़की का जो खर्चा होगा, उसमें आप लोग कितना दे पाएंगे?"

मुलाकडचे इतकं सरळ विचारतील असं वाटलं नव्हतं. पण इंदूरच्या लोकांची रीत असेल. मी भररस्त्यात मिक्सरचं भांडं छातीशी धरून ताठ उभा राहिलो. "पूरा खर्चा हमारा! आपको एक रुपया लगने नहीं देते."

"पूरा?"

"मंडप से लेकर... पूरा!"

'मंडप' हॉर्नखाली गेलं असावं. बाई म्हणाल्या, "फिर तो हमें घर आकर देखना पड़ेगा. संडे को हमारे एक साथी आएंगे. और आपकी हां पक्की है ना? बाद में कहीं और तो नहीं जाएंगे?"

"सुपारी फुट गई समझो मॅडम!"

घरी येऊन मी ही बातमी दिली तेव्हा रत्नमालानं आमच्या पुढच्या खोलीकडं पाहिलं. खोलीत एक पलंग, एक प्लास्टिकची खुर्ची आणि एक पंखा होता. पलंगावर माझ्या वडिलांची काळी घोंगडी अंथरलेली असते. त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीची आहे. वडील गेले तेव्हा कळप आधीच विकून झाला होता, घोंगडी तेवढी राहिली. श्रेया त्याच घोंगडीवर बसून अभ्यास करते.

"तुम्ही जे सांगितलं ते इथं कुठं दिसत नाही," रत्नमाला म्हणाली.

मग आम्ही ते दिसायची सोय केली. समोरच्या बंगल्यातल्या अप्पारावांकडून त्यांचा मरून रंगाचा सोफा आणला. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढायचं नाही आणि पाहुणे गेले की लगेच परत, या दोन अटींवर. गाडीही त्यांनी कौतुकानं आमच्या दारात लावली. पलंग मागच्या खोलीत गेला आणि घोंगडी माळ्यावर गेली. श्रेया रविवारी सराव परीक्षेला जाणार होती, तिला काही सांगितलं नाही. ज्ञानेश्वरीला सकाळी सांगितलं. ती कांदे चिरायला बसली. या पोह्यांची तिला आता सवय झाली आहे. आधी चार-सहा स्थळं पोहे खाऊन गेली आहेत. दर वेळी ती तितकेच नीट पोहे करते आणि दर वेळी मला तिच्याकडं बघवत नाही.

पाहुणा एकटाच आला. तिशीतला, चष्मा लावलेला, पाठीला बॅग. "मैं सत्यम," म्हणाला आणि बूट दाराबाहेर काढले. खास फेटा बांधून वेरूळहून आलेला खंडेराव माझ्या कानाशी लागला, "आरं, पोरगा सोताच आलाय की! इंदूरवाले लई सुधारलेत."

सत्यम सोफ्यावर बसला. प्लास्टिक करकरलं. त्यानं सोफा पाहिला, खिडकीतून गाडी पाहिली आणि हातातल्या टॅबवर काहीतरी टिपलं. मला फार बरं वाटलं.

ज्ञानेश्वरी ट्रे घेऊन आली. त्यानं उठून नमस्कार केला. (खंडेरावनं मला कोपरानं ढोसलं. संस्कार!) पोह्यांची बशी घेत त्यानं विचारलं, "आप श्रेया हैं?"

"नहीं, मैं उसकी दीदी."

"अच्छा. तो श्रेया कहां है? मैं तो उसी के लिए आया हूं."

ज्ञानेश्वरीनं ट्रे खाली ठेवला. आणि खंडेराव उठला.

"काय म्हनला? धाकटी? आरं, बारावीतलं लेकरू हाय ती! थोरलीच्या हातचे पव्हे खाऊन धाकटीला मागतो व्हय?"

"शरम नहीं आती?" रत्नमाला दारातून म्हणाली. ती हिंदी क्वचितच बोलते. तिच्या हिंदीला मी भितो.

सत्यम गोंधळून गेला. "देखिए, उसने खुद अप्लाय किया है."

"खुद?" मी कसाबसा म्हणालो.

"जी. उसने लिखकर दिया है कि आप हां कहेंगे तो मैं आपके यहां ही आऊंगी, और कहीं नहीं. चार साल हमारे साथ हॉस्टल में..."

"चार साल!" खंडेरावनं फेटा काढून मांडीवर ठेवला. भांडणाआधी तो फेटा काढतो. "आजिनाथ, काठी कुठं हाय?"

तेवढ्यात श्रेया दारात आली. पेपर लवकर संपला होता. तिनं सत्यमला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "सर, आप? आज?" मग तिची नजर सोफ्यावर गेली, मग खिडकीबाहेरच्या गाडीवर, मग तिच्या दीदीच्या साडीवर. सगळ्यात शेवटी माझ्यावर आली आणि तिथंच थांबली.

मला तेव्हा कळलं. औरंगपुऱ्यातला तो फोन इंदूरचा नव्हता. तो विद्यापीठाचा होता, आणि या सत्यम सरांना श्रेयानं त्यांच्या ऑनलाइन माहितीसत्रात पाहिलेलं होतं.

सत्यमनं टॅब पुढं धरला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. श्रेयाच्या अर्जात लिहिलं होतं की आमच्याकडं कोरडवाहू तुकडा आहे, घर भाड्याचं आहे, वडील कंत्राटी नोकरीत आहेत. फोनवर वडिलांनी सांगितलं होतं की नजर जाईल तिथवर शेती, मोजता न येणारी मेंढरं, स्वतःचं घर, दारात गाडी. आणि पूरा खर्चा हमारा. "दोनों में से एक बात ग़लत है," तो म्हणाला. "ग़लत जानकारी हो तो अर्ज़ी रद्द होती है."

श्रेया रडली नाही. "बाबा," ती म्हणाली, "सांगा ना."

सांगायचं काय होतं? एवढंच की मला परवडत नाही. माझ्या टेबलासमोर रोज माणसं उभी राहतात आणि हेच सांगतात. मी मान वर न करता म्हणतो, "पुरावा जोडा." ते वाक्य तोंडातून काढायला माणसाला किती जड जातं हे मला ठाऊक नव्हतं. समोर बायको, दोन मुली आणि मांडीवर फेटा घेतलेला खंडेराव. मी त्याच्याकडं न पाहता म्हणालो.

"साहेब, फोन पे मैं झूठ बोला. लडकी का रिश्ता समझा. हमारे पास कुछ नहीं है. मेरे से इसकी फीस नहीं होती. आधी भी नहीं होती."

खंडेरावनं मान खाली घातली. मला वाटलं, झालं एकदाचं. पण सत्यमनं पोह्यांची बशी तशीच हातात धरून हळूच सोफ्यावर हात फिरवला. "सर, मैं जहां जाता हूं, वहां सब यही कहते हैं," तो म्हणाला. खरं बोलूनसुद्धा मला पुरावा जोडता येईना.

आणि दारात अप्पाराव उभे राहिले. सोबत त्यांचे मेव्हणे.

"आजिनाथराव, माफ करा हं. माझ्याकडं अचानक पाहुणे आलेत हो, उभे आहेत बिचारे. सोफा नेऊ का? हे तुमचे पाहुणे का? उठता का जरा? उठो भाईसाब, जरासा. हां. प्लास्टिक धरू नका, फाटतंय."

सत्यम बशी घेऊन उभा राहिला. दोघांनी सोफा तिरका करून दारातून काढला. "गाडीची किल्ली?" अप्पारावांनी जाता जाता विचारलं. मी खिशातून काढून दिली. गाडी दारातून गेली आणि तिच्यामागं उभी असलेली माझी स्कूटर दिसू लागली. तिच्या सीटला पिशवी बांधलेली आहे, फोम बाहेर येऊ नये म्हणून.

खोली रिकामी झाली. मग श्रेया आत गेली, स्टुलावर चढून माळ्यावरून घोंगडी काढली आणि पुढच्या खोलीत जमिनीवर अंथरली. "बैठिए सर."

सत्यम मांडी घालून बसला, आणि "आह!" करून एका बाजूला कलला.

"कुसळ है सर," श्रेया म्हणाली. "आजोबा के माळ का. अब वहां प्लॉट पड़ गए हैं, वो घास कहीं नहीं बची. इसी घोंगडी में है."

"तुमने निबंध में लिखा था," तो म्हणाला. त्यानं ते कुसळ दोन बोटांनी काढलं, उजेडात धरून पाहिलं आणि परत लोकरीत खोचून ठेवलं. मग थंड झालेले पोहे सगळे खाल्ले. मी तो निबंध वाचला नव्हता, हे मला त्या दिवशी सगळ्यात जास्त खुपलं.

तो गेल्यावर खंडेरावनं फेटा बांधला. दारात थांबून म्हणाला, "कमी सांगू नको म्हनलो मी. मी चुकलो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

यानंतर आम्ही निकालाची वाट बघत होतो. या वेळी मी तयारी केली होती. फोन आला की एक अक्षर वाढवून सांगायचं नाही. आणि चार दिवसांनी फोन आला. बाईच होत्या, हिंदीच होती. "आपकी बेटी के बारे में..." एवढं ऐकलं आणि मी सुरूच झालो.

"मॅडम, सच बोलता हूं. घर भाडे का, जमीन माळ की, नोकरी कच्ची. हमसे एक रुपया नहीं होता. मगर लडकी हीरा है. उसको ले जाओ. खाना तुम्हारा, कपडा तुम्हारा, किताब भी तुम्हीच दो. हम हाथ जोडते!"

पलीकडून आवाज आला. "भाईसाहब, मैं इंदौर से लड़के की बुआ बोल रही हूं. किताब किसलिए?"

ते स्थळ गेलं. ज्ञानेश्वरीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरं ऐकून गेले ना बाबा? मग जाऊ द्या," ती म्हणाली. त्याच दिवशी दोघी बहिणींनी बायोडाटातून आणि अर्जातून माझा नंबर काढून टाकला. घरातला माझा एकुलता एक नियम असा संपला.

त्यामुळं विद्यापीठाचा होकार आला तो श्रेयाच्या नंबरवर. पूर्ण फीमाफी, हॉस्टेलसह. मी कचेरीतून आलो तेव्हा ती घोंगडीवर बसली होती, आईच्या खांद्यावर डोकं टेकून. मी दारातच उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला या वेळी चष्म्याचं निमित्त केलं नाही.

पेढे घेऊन मी समोर अप्पारावांकडं गेलो. त्यांच्या सोफ्याचे उपकार होतेच. त्यांनी पेढा तोंडात टाकला, इकडंतिकडं पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"आमचा शिवम पुढच्या वर्षी अर्ज करणार आहे. लवकरच्या फेरीत. तपासणीला माणूस आला, तर त्या दिवसापुरतं तुमचं घर द्याल का?"

"घर?"

"घर, घोंगडी, सगळं आहे तसं राहू द्या, काही हलवू नका." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं आणि दुसरा पेढा उचलला. "आणि आजिनाथराव, तुम्ही स्वतः पण थांबा हं. तुमच्याकडं बघितलं की माणसाला दुसरा पुरावा लागत नाही."